तिसऱ्या मालकाची जग्वार

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत जग्वारचं शोरूम नाही, वर्कशॉप नाही, सुटे भाग ठेवणारं दुकानही नाही. गाड्या मात्र आहेत. मोजक्याच, पण आहेत. कुणाची जमीन रांजणगाव एमआयडीसीच्या वाढीव टप्प्यात जाते, कुणाचं कुरकुंभला ट्रान्सपोर्ट नीट बसतं, कुणी नगर रोडला प्लॉटिंगमध्ये हात मारतो. पहिली फॉर्च्युनर येते. मग लक्षात येतं की गावात ती प्रत्येकाच्याच दारात आहे. त्यानंतर पुण्याहून सेकंडहँड ‘मोठी’ गाडी येते: ऑडी, बीएमडब्ल्यू नाहीतर मर्सिडीज. आणि ज्याला या तिन्हींपेक्षा वेगळं दिसायचं असतं, तो जग्वार घेतो.

मी विमा सर्व्हेअर आहे. अपघातात सापडलेल्या गाड्यांचं नुकसान मोजायचं, दावा किती मंजूर व्हावा याचा अहवाल द्यायचा, आणि मधल्या वेळात बँका आणि फायनान्सवाल्यांसाठी जुन्या गाड्यांचं व्हॅल्युएशन करायचं, हा माझा व्यवसाय. ऑफिस शिरूरला. कामं न्हावरा-चौफुला रस्त्यानं पार दौंडपर्यंत. ब्रँड या विषयावर मार्केटिंगची मंडळी पुष्कळ बोलतात, पण माझ्या फॉर्मात ब्रँडच्या वजनासाठी रकाना नसतो. कंपनी, मॉडेल, साल, किलोमीटर, मालक कितवा, एवढंच असतं. तरीही एखादं नाव बाजारात जिवंत आहे की संपत आलंय, हे मला ‘मालक कितवा’ या रकान्यातून जाहिरातवाल्यांच्या आधी कळतं, असा माझा दावा आहे. नव्या गाडीची किंमत कंपनी ठरवते. पाच वर्षांच्या गाडीची किंमत मात्र न्हावऱ्याचा माणूस ठरवतो. तो घ्यायचा थांबला की पुण्यातला दुसरा मालक बिचकतो, आणि दुसरा बिचकला की पहिल्याचं गणित बसत नाही. जग्वारचं गेल्या काही वर्षांत जे झालं आणि आता विजेवरच्या गाड्या घेऊन जे व्हायचंय, ते मी या तिसऱ्या मालकाच्या बाजूनं पाहतो.

हे नाव आपलं का, तेही सांगतो. २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सनं फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही ब्रँड २.३ अब्ज डॉलरला घेतले. त्यातल्या एकट्या जग्वारसाठीच फोर्डनं १९८९ मध्ये याहून जास्त पैसे मोजले होते. सौदा पुरा होऊन तीन-चार महिने होतात न होतात तोच जगभर मंदी आली, आणि टाटांनी हत्ती विकत घेतला, आता वैरण कुठून आणणार, असं पुण्यात पिंपरीपासून कॅम्पापर्यंत बोललं जायला लागलं. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हर फ्रीलँडरची जुळणी सुरू झाली, मग जग्वार एक्सएफचीही. म्हणजे इकडच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बऱ्याच एक्सएफ विलायतेहून सुट्या भागांत आल्या आणि पुण्यात जोडल्या गेल्या. त्या जोडणारी पोरं आपल्याच भागातली, आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेली.

जग्वारचं मूळ बघितलं तर तिसऱ्या मालकाची ओढ अगदीच कळण्याजोगी आहे. १९२२ मध्ये विल्यम लायन्स या तरुणानं भागीदारीत ब्लॅकपूल इथं मोटारसायकलींचे साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे तो गाड्यांच्या बॉडी बनवू लागला. ऑस्टिन सेव्हनसारख्या साध्या गाडीवर झोकदार बॉडी चढवून विकायची, हा त्याचा पहिला मोठा धंदा. ‘जग्वार’ हे नाव १९३५ मध्ये एका मॉडेलला मिळालं आणि १९४५ मध्ये कंपनीचंच झालं. लायन्स काही इंजिनिअर नव्हता. त्याला नजर होती आणि हिशेब कळत होता. १९४८ ची एक्सके १२० आणि १९६१ ची ई-टाइप या दोन्ही गाड्या तेव्हाच्या ॲस्टन मार्टिन आणि फेरारीच्या तुलनेत बऱ्याच स्वस्त होत्या, आणि रूपानं आणि वेगानं त्यांच्या बरोबरीच्या. ल मॉंची चोवीस तासांची शर्यत या कंपनीनं पन्नासच्या दशकात पाच वेळा जिंकली. दुप्पट किमतीच्या गाडीचा रुबाब अर्ध्या किमतीत, हा लायन्सचा सगळा धंदा होता.

आता मला सांगा, पन्नास लाखांच्या घरातली एक्सएफ सात-आठ वर्षांनी बारा-चौदा लाखांत घेणारा आमच्याकडचा बागायतदार दुसरं काय करतो?

एका एक्सएफची गोष्ट सांगतो. दुसऱ्या पिढीची, २०१६ नंतरची. मालक न्हावऱ्याच्या बाजूचे, ऊस आणि दुधाचा व्यवसाय. गाडी त्यांच्याकडं येण्यापूर्वी पुण्यातल्या दोघांनी वापरलेली. पाहुण्यांना ती सुरू करून दाखवायचा त्यांना भारी सोस. बसलं की स्टार्टचं बटण नाडीसारखं लालसर उजळत-मावळत असतं. ते दाबलं की मधल्या पट्टीत सपाट झोपलेला गिअरचा गोल खटका हळूच वर उचलला जातो, आणि त्याच वेळी डॅशबोर्डच्या दोन टोकांची बंद झडपं फिरून एसीची तोंडं उघडतात. या सगळ्याचा गाडी चालण्याशी काडीचा संबंध नाही. तात्या मात्र (त्यांना सगळे तात्याच म्हणतात) प्रत्येकाला सांगायचे, “बघा, उठून नमस्कार करती.”

हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आमच्या रस्त्यांवर रात्रभर चालतात. मागं रिफ्लेक्टर असला तर असला. उसाची टोकं बाहेर आलेली, आणि अंधारात शेवटची ट्रॉली कुठं संपते ते कळत नाही. तात्यांच्या मुलानं अशाच एका ट्रॉलीला मागून डावी बाजू घासवली. कुणाला लागलं नाही. मी बघायला गेलो तेव्हा गाडी घरासमोर उभी होती. बोनेटचा कोपरा वर आलेला, डावा फेंडर दुमडलेला, हेडलॅम्प फुटलेला, आत एप्रनला घडी पडलेली. साध्या गाडीला शिरूरच्या कुठल्याही चांगल्या डेंटरकडं हे आठवडाभराचं काम. डेंटर माझ्याआधीच येऊन गेला होता आणि त्यानं लोहचुंबक लावून बघितलं होतं. चुंबक चिकटलं नाही. “साहेब, ह्याला मी हात लावत नाही. गॅस मारला तर भोक पडंल,” तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. या पिढीच्या एक्सएफच्या सांगाड्यात तीन चतुर्थांश ॲल्युमिनिअम आहे. पत्रे एकमेकांना वेल्ड केलेले नसतात. विमानासारखे रिव्हेट आणि चिकट ॲडहेसिव्ह यांनी जोडलेले असतात. ते काढायला वेगळी गन, लावायला वेगळी. लोखंडाची कामं जिथं चालतात तिथं ते करायचं नाही, कारण लोखंडाचा कीस ॲल्युमिनिअमवर बसला की गंज धरतो. म्हणून वेगळा बंदिस्त कोपरा लागतो. असा कोपरा शिरूरमध्ये कुणी का बांधावा? वर्षाला अशा किती गाड्या येणार? गाडी फ्लॅटबेडवर पुण्याला गेली. लॅम्प, फेंडर, एप्रन, रेडिएटरची चौकट, सेन्सर आणि मजुरी मिळून जो अंदाज आला, तो विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, पंचाहत्तर टक्क्यांवर गेला. आमच्या नियमात त्यापुढं गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरतात. पैसे मिळतात, गाडी सॅल्व्हेजमध्ये जाते. तात्यांना हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. इंजिन चालू होतं. खटका अजून उठून नमस्कार करत होता. “मोडली नाही तरी मेली कशी?” असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. उत्तर एवढंच होतं की दुरुस्तीचे दर नव्या गाडीच्या किमतीवर चालतात आणि आयडीव्ही जुन्या किमतीवर. या दोन्हींतलं अंतर जेवढं मोठं, तेवढी गाडी लवकर मरते. मारुतीत हे अंतर लहान असतं. आलिशान गाडीत मोठं. आणि ज्या ब्रँडची जुन्या बाजारातली किंमत धडाधड उतरते, त्याच्यात सगळ्यांत मोठं.

जग्वारची किंमत अशी उतरली त्यालाही कारण आहे. फोर्डच्या काळात, म्हणजे २००१ मध्ये, एक्स-टाइप नावाची लहान जग्वार आली. खालून ती फोर्ड मोंडिओची भावंड, आणि हे गिऱ्हाइकाला कळत होतं. टाटांच्या काळात २०१५ ला एक्सई आली. ती मात्र स्वतःच्या बांधणीवर होती आणि चालवायला मनापासून चांगली होती. तरीही बीएमडब्ल्यू थ्री सिरीज जितकी खपते तितकं खपण्याची ताकद या नावात नव्हती. कारखाने मात्र तेवढ्या खपाच्या हिशेबानं उभे केलेले. २०१८ साली जगभरात सुमारे १,८०,००० जग्वार विकल्या गेल्या. हा कंपनीचा चढता काळ, आणि त्यातही पैसे मिळवत होती ती रेंज रोव्हर. त्याच वर्षाच्या डिसेंबर तिमाहीत टाटा मोटर्सनं जग्वार लँड रोव्हरच्या, म्हणजे जेएलआरच्या, मालमत्तेचं मूल्य ३.१ अब्ज पौंडांनी खाली आणलं आणि जवळजवळ २७,००० कोटी रुपयांचा तोटा दाखवला. भारतीय कंपनीचा एका तिमाहीतला तोवरचा सगळ्यांत मोठा तोटा तो. आम्ही लोक एका गाडीचं टोटल लॉस करतो. त्यांनी ताळेबंदातच एक केला, असं मी तेव्हा मित्रांना म्हणालो होतो. विनोद कुणाला फारसा आवडला नाही, कारण निम्म्यांकडं टाटा मोटर्सचे शेअर होते.

गंमत अशी की विजेच्या शर्यतीत हीच कंपनी सगळ्यांच्या पुढं होती. जग्वार आय-पेस २०१८ मध्ये बाजारात आली तेव्हा ऑडी आणि मर्सिडीजची विजेवरची एसयूव्ही यायची होती. २०१९ ला ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’, सर्वोत्तम डिझाइन आणि सर्वोत्तम हरित गाडी हे तिन्ही किताब तिला एकाच वेळी मिळाले. गूगलच्या घरातल्या वेमो कंपनीनं विनाचालक टॅक्सीसाठी तीच निवडली. भारतात ती मार्च २०२१ मध्ये एक कोटी सहा लाखांच्या आसपास आली. आणि तिच्यामागून काहीच आलं नाही. ती गाडीही ऑस्ट्रियातल्या ग्राझला मॅग्ना स्टायरकडून बनवून घेतली जात होती. विजेवरची मोठी एक्सजे जवळजवळ तयार होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे प्रमुख थिएरी बोलोरे यांनी ‘रीइमॅजिन’ नावाचा आराखडा जाहीर केला, त्यात ती एक्सजे रद्द झाली. २०२५ पासून जग्वार फक्त विजेवर, संख्येनं कमी, किमतीनं खूप वर, असं ठरलं. बोलोरे पुढच्याच वर्षी गेले. आराखडा राहिला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, निदान मोबाइलवर बघून. एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप २०२४ च्या मध्याला बंद झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये नवी जग्वार विकणंच थांबलं, आणि त्याच महिन्यात नवं बोधचिन्ह आलं. सोबत भडक कपड्यांतल्या तरुण-तरुणींची एक फिल्म, जिच्यात गाडीच नव्हती. तुम्ही गाड्या विकता का, असं इलॉन मस्कनं जाहीरपणे विचारलं. डिसेंबरच्या सुरुवातीला मायामीत ‘टाइप ००’ हे प्रदर्शनाचं मॉडेल दाखवलं: लांबलचक बोनेट, मागं काचच नाही, रंग गुलाबी आणि निळा. विक्रीला येणारी गाडी चार दारांची, एका चार्जमध्ये ७७० किलोमीटरचं उद्दिष्ट, आणि किंमत ब्रिटनमध्येच एक लाख पौंडांच्या पुढं.

फिल्मवर तोंडसुख घेणाऱ्यांत मी नाही. लायन्सनं साइडकारवाल्या कंपनीची गाडीवाली कंपनी केली तेव्हाही कुणीतरी हसलं असेल. आणि ‘कमी गाड्या, जास्त किंमत’ हा निर्णय माझ्या मते बरोबर आहे. वर्षाला पावणेदोन लाख गाड्या विकून पैसे मिळत नसतील, तर अडीच लाख विकूनही मिळणार नाहीत. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन आमच्या दौंडला पूर्वी काढून दुसऱ्या टोकाला लावत. गाडी उलटी निघायची. नवखा प्रवासी गोंधळायचा, मुरलेला चहा घेऊन यायचा, पण डबे तेच आणि माणसंही तीच असायची. जग्वारनं इंजिन बदलायला घेतलं आणि डबेच साइडिंगला लावून टाकले. आधीच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोडे आपल्यासोबत येतील, हे कंपनीनं स्वतःच धरून चाललंय. वर्ष-दीड वर्ष दुकानात माल नाही. डीलर आणि मेकॅनिक रेंज रोव्हरकडं वळले. आता पुण्यात जग्वार विचारायला गेलात तर डिफेंडर दाखवतात. या मधल्या काळात जुन्या गाडीच्या मालकाला वाटू लागतं की आपल्या गाडीला माहेर उरलं नाही. तसं वाटलं की तो विकायला काढतो, आणि माझ्या व्हॅल्युएशनच्या आकड्याला आणखी थोडी उतरती कळा लागते.

नाव मेलं तरी कारखाना मरत नाही, याचा पुरावा बघायला आम्हाला विलायतेला जावं लागत नाही. रांजणगाव गणपतीच्या दर्शनाला येणारे लोक एमआयडीसीच्या पाट्या वाचत जातात. त्यांत फियाटची पाटी आहे. २००७ मध्ये हा कारखाना फियाट आणि टाटा मोटर्स यांचा निम्मा-निम्मा झाला. २००९ मध्ये इथून लिनिया आणि पुंटो निघाल्या. लिनिया दिसायला इतकी देखणी होती की आजही चांगली ठेवलेली दिसली की मी वळून बघतो. त्यांचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन तर मारुती स्विफ्टपासून टाटा व्हिस्टापर्यंत सगळ्यांच्या बोनेटखाली होतं. देशभर ते इंजिन लाखांनी खपलं आणि फियाट मात्र कुणी घेईना. का? कारण ‘पार्ट मिळत नाहीत’. हे वाक्य कितपत खरं होतं हा प्रश्न वेगळा. ते खेडच्या बाजारापासून दौंडच्या स्टँडपर्यंत पोचलं होतं, आणि एकदा पोचलं की परत बोलावता येत नाही. पाच वर्षांची लिनिया त्याच किमतीच्या होंडा सिटीच्या निम्म्यालाही जात नव्हती. २०१९ पर्यंत फियाटचं नाव भारतातल्या शोरूममधून गेलं. कारखाना उभाच आहे. तिथं जीप कंपास बनते, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या परदेशी बाजारांतही ती तिथून गेली, आणि टाटांची नेक्सॉनही तिथूनच निघाली.

नेक्सॉन विजेवर आली ती जानेवारी २०२० मध्ये, चौदा लाखांच्या आत. आणि इथं आलिशान गाडीवाल्यांची खरी पंचाईत होते. जग्वारनं १९७१ मध्ये बारा सिलिंडरचं इंजिन आणलं. त्याची ख्याती ही की चालू इंजिनवर नाणं उभं केलं तरी पडत नाही. एवढी मऊ चाल मिळवायला बारा सिलिंडर, चार-चार कार्ब्युरेटर आणि गॅलनानं पेट्रोल लागायचं. विजेच्या मोटारीत ती चाल फुकट येते. शिरूरचा शिक्षक चौदा लाखांच्या नेक्सॉनमधून सकाळी शाळेत जातो तेव्हा त्याला जे शांतपण मिळतं, ते १९७१ मध्ये लॉर्ड लोकांनाच परवडायचं. मग दोन कोटींची विजेवरची गाडी कशासाठी घ्यायची? वेगासाठी नाही, कारण वेगही विजेत स्वस्त झालाय. राहतं ते रूप, बैठक, खड्ड्यातून जाताना अंग न हलणं, आणि नाव. म्हणजे जग्वारला परत बॉडी बनवणाऱ्या लायन्सच्या वाटेनं जावं लागणार. टाइप ०० चं लांब बोनेट बघून मला हेच वाटलं. त्याखाली लांब इंजिन नाही, तरी बोनेट लांब आहे. बरेच लोक याला ढोंग म्हणाले. मला तो शहाणपणा वाटतो. एकाच वर्षी नाव, चेहरा, किंमत आणि गिऱ्हाईक असं सगळंच बदलायचं तर जुनी एक तरी ओळख ठेवावी लागते.

बाकीचेही आता पाय मागं घेताहेत. बेंटलीनं संपूर्ण विजेवर जाण्याचं साल २०३० वरून २०३५ वर नेलं. पोर्शनं सप्टेंबर २०२५ मध्ये विजेवरची काही मॉडेलं पुढं ढकलून पेट्रोलचा मुक्काम वाढवला. जग्वारला तशी मुभा नाही. मागं परतायला पेट्रोलची गाडीच शिल्लक नाही. त्यात सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या तारखेपासून सायबर हल्ल्यामुळं जेएलआरचे ब्रिटनमधले कारखाने काही आठवडे बंद पडले होते.  नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सचे पी. बी. बालाजी यांनी जेएलआरची सूत्रं घेतली. हिशेबाचा माणूस आहे, आणि नव्या जग्वारची पहिली विक्री त्यांच्याच कारकिर्दीत होणार.

तिसऱ्या मालकाचं विजेच्या गाडीत काय होतं, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून थोडं धंद्यातलं सांगतो. मोटार विम्याचं २००२ चं जे टॅरिफ आहे, त्यात रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी या सगळ्यांना एकाच ओळीत ५० टक्के घसारा लावलाय. ते लिहिणाऱ्यापुढं बोनेटखालची बारा व्होल्टची बॅटरी होती, चार-पाच हजारांची. आज बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा, अख्ख्या फरशीएवढी. म्हणून कंपन्या तिच्यासाठी वेगळे ॲड-ऑन विकतात. पहिला मालक ते घेतो, दुसरा विसरतो, तिसऱ्याला ते असतं हेच माहीत नसतं. आय-पेसमध्ये ९० किलोवॉट-अवरची बॅटरी आहे, हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. भारतातल्या पहिल्या गाड्यांची ती २०२९ मध्ये संपेल, म्हणजे बरोबर तेव्हा, जेव्हा त्या आमच्या बाजारात यायच्या. तिच्यातले सेल एलजी समूहाचे. त्याच समूहाचा टीव्ही-फ्रिजचा कारखाना रांजणगावात आहे, हा योगायोग. आगीच्या धोक्यामुळं अमेरिकेतल्या २०१९ सालच्या आय-पेस कंपनीनं २०२४ मध्ये मालकांकडून परत विकत घेतल्या. मी याला कंपनीचा प्रामाणिकपणाच म्हणेन. पण जुन्या बाजारात अशी बातमी एका वाक्यात पोचते, आणि त्या वाक्यात प्रामाणिकपणा नसतो.

सरकारी गणितही तिरकं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के जीएसटी, विजेच्या गाडीला पाचच. राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांपुढच्या विजेच्या गाडीवर सहा टक्के कर सुचवला होता, तो त्याच अधिवेशनात मागे घेतला. एवढं ऐकून वाटतं की विजेच्या जग्वारचं फावलं. पण आयात शुल्क आहेच. चाळीस हजार डॉलरच्या वरची तयार गाडी बाहेरून आली की सगळं धरून ११० टक्के. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. मात्र विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षं त्यात सवलत नाही. म्हणजे करार झाला विलायतेशी, गाडी विलायतेची, मालक आपला, आणि फक्त विजेवर चालते म्हणून ती रांगेत शेवटी. इथं जुळणी केली नाही तर नवी जग्वार दोन कोटींच्या खाली येईल असं मला दिसत नाही. रेंज रोव्हरची जुळणी २०२४ मध्ये पुण्यात सुरू झाली तेव्हा तिची किंमत पन्नास लाखांहून जास्त उतरली होती. जग्वारसाठी तसं करायला तेवढी संख्या लागते, आणि संख्या नको म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

परवा केडगावहून एक तरुण आला होता. वडिलांची गुऱ्हाळं, हा स्वतः सोलरचे पॅनल बसवतो. पुण्यात एक आय-पेस विकायला आहे, नव्या किमतीच्या पाव किमतीत, घेऊ का म्हणाला. घरच्या छतावरच्या विजेवर गाडी फिरेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं. मी त्याला नाही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की अधिकृत वर्कशॉपमधून बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल घे, आग-धोक्याच्या रिकॉलचं काम झालंय का ते चासी नंबरवर तपास, खालून लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळाला मार बसलाय का ते स्वतः बघ, ॲड-ऑनसकट विम्याचा दर आधी काढ, आणि डीलरकडून घेत असलास तर त्याच्या नफ्यावर आता १८ टक्के जीएसटी आहे, तो तुझ्याच किमतीत धरलेला असणार. वर हेही सांगितलं की गाडीचा सांगाडा ९४ टक्के ॲल्युमिनिअमचा आहे. हंगामात रात्री न्हावरा रस्त्यानं आणू नको.

त्यानं सगळं मोबाइलवर लिहून घेतलं आणि विचारलं, “पाच वर्षांनी विकायला काढली तर कोण घेईल?”

मी त्याला आकडा दिला नाही. विजेवरची नवी जग्वार पुण्यात लोकांनी बघितल्यावर ये, मग देतो, म्हटलं. तो हसून म्हणाला, तोवर गाडी विकून जाईल. टोकन द्यायला तो त्याच दिवशी पुण्याला गेला.